किल्लीबरोबर मिळालेली डबी

अंबडला आम्ही भाड्याचं घर घेतलं तेव्हा घरमालकांनी माझ्या हातावर दोन वस्तू ठेवल्या. एक किल्ली आणि एक रिकामी डबी. डबी पांढऱ्या प्लास्टिकची, आवळ्याएवढी, लाल झाकणाची. उकळून वाळवलेली, आणि अंगावर कोऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली.

"किल्ली हरवली तर दुसरी देतो," ते म्हणाले. "डबी संभाळा."

मी नुकतीच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत घालवलेल्या बाईला 'हे काय आहे?' असा प्रश्न विचारताच येत नाही. जीभ वळत नाही. प्रश्न आपण विचारायचे ते उत्तर माहीत असलेले. म्हणून मी मान डोलावली, "छान रिवाज आहे" असं काहीतरी बोलले, आणि वर जाऊन डबीत ओवा भरला.

पंधरा दिवसांनी ते नळ गळतोय का बघायला वर आले. ओट्यावर डबी दिसली. झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि चेहरा असा केला, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात चपला ठेवल्या.

"बाई, ही ओव्याची डबी न्हाई. ओवा खाऊन बी जे बरं होत न्हाई, त्याची डबी हाये ही."

"हो, बराबर," मी म्हटलं. तरीही मला कळलेलं नव्हतं. मुलगा कोर्टातल्या कामावरून घरी आला तेव्हा त्यानं फोड करून सांगितलं, "आई, ते कारखान्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये होते. ती शी तपासायला द्यायची डबी आहे."

मी ओवा फेकला, डबी तारेच्या घासणीनं तीनदा घासली आणि जेवले नाही. डबी कोरी होती, जन्मात तिच्यात ओव्याशिवाय काही गेलेलं नव्हतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हाची मी अशी. वय एकोणसाठ, अक्कल नुकतीच रुजू झालेली.

घरमालक मूळचे धावडा गावाकडचे. घरची शेती भावांना सोडून ते एका साखर कारखान्याच्या वसाहतीत नोकरीला लागले आणि ऊसतोड करणाऱ्या माणसांची थुंकी, रक्त, लघवी आणि चौथी ती गोष्ट काचेवर घेऊन तीस वर्षं बघत बसले. निवृत्तीच्या वेळी दवाखान्यानं मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक ते घरी घेऊन आले. बायको वारली होती. तिच्या हिरव्या लुगड्याची खोळ शिवून ते यंत्र त्यांनी खिडकीपाशी ठेवलं होतं. त्याला ते दुर्बीण म्हणत.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसते होय! "दादा, दुर्बीण लांबचं बघायला असते. ह्याला सूक्ष्मदर्शक म्हणतात."

"लांबचंच बघतो न मी," ते म्हणाले. "बाई, माणसाला सोताच्या पोटाहून लांब दुसरं काय हाये? काशी जवळ पडती."

 

गल्ली त्यांना डबीवाले म्हणायची, आमची नात मितू डबीआबा. चुन्याच्या, बामच्या, गोड गोळ्यांच्या, कसल्याही डब्या ते गोळा करत, उकळत, आणि गच्चीवर वाळत घालत. लोकांच्या गच्चीवर सांडगे, आमच्या गच्चीवर डब्या. भेटल्यावर ते राम राम, जय भीम, सलाम काही म्हणत नसत. सगळ्या जातीधर्माला एकच प्रश्न, "झालं का?"

नवा माणूस म्हणायचा, "हो, आत्ताच जेवून निघालो."

"जेवणाचं कोण इचारून राह्यलं?"

एकदा समोरच्या घरातून लग्नाची पत्रिका द्यायला चौघं आले. मुलाची नोकरी, शेती, गुण जुळल्याचं सगळं सांगून झालं. डबीवाल्यांनी ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "समदं बराबर हाये. नवरदेवाचं पोट कसं हाये?"  जाताना त्यांच्या हातात डबी होतीच. 'अहेर' म्हणून.

पण फुकट औषध त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. "म्या फकस्त बघतो. औषिद डॉक्टर देईल," हे वाक्य ते दर वेळी म्हणायचे. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य, जे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं आणि तरी कळलं नव्हतं: "डबी खोटं बोलत न्हाई. डबी भरणारा बोलतो."

ह्या वाक्यामागे एक गोष्ट होती. एका हंगामात ऊसतोडीच्या तळावरच्या सगळ्या पोरांचे जंत तपासायचं ठरलं. डबीवाल्यांनी पालापालांतून डब्या वाटल्या, नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी एका बाईनं पाच पोरांच्या पाच डब्या आणून दिल्या. त्यांनी पहिली उघडली, पेरूच्या बिया. दुसरी उघडली, पेरूच्या बिया. पाचही डब्यांत पेरूच्या बिया.

"मंग म्या गेलो तिच्याकडं. म्हणलं, माय, पेरू किती जणांनी खाल्ला? ती म्हनती, धाकट्यानं एकट्यानं. म्हणलं, मंग बिया पाच जणांच्या पोटात कशा गेल्या? तर काय म्हनावं तिनं? म्हनती, साहेब, कोयता चालू व्हता, चौघं झोपल्याले, एकाचंच झालं व्हतं, तेच वाटून दिलं. भावंडंच हायेत न, एकाच घरचं!"

मी हसून हसून डोळे पुसले. "अशिक्षितपणा, दुसरं काय!" असंही म्हटलं. ते हसले नाहीत. "अशिक्षित न्हाई बाई. घाई. घाई समद्यालाच व्हती."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता मितूचं सांगते. मितू म्हणजे संघमित्रा. त्या वेळी चार वर्षांची. वैशाख पौर्णिमेला विहारातून येताना तिला लाल चप्पल घेतली होती. वर्ष उलटलं, दुसरी पौर्णिमा आली, ती चप्पल तिला तशीच बराबर येत होती. शेजारणी कौतुक करायच्या, "किती जपून वापरते हो!" चप्पल लहान व्हायला पाय वाढायला नकोत? पोट घागरीसारखं, हातपाय काडीसारखे, दिवसातून पाच वेळा पळापळ, आणि वास असा की मांजर उठून जाई. दवाखाने झाले. कोणी पातळ औषध दिलं, कोणी म्हणालं दात येतायत, कोणी म्हणालं नजर.

माझी सून वैशाली भोकरदनकडच्या शाळेवर शिक्षिका. एसटीत दोन तास मोबाइल बघायला वेळ. त्यात तिला सापडलं, गव्हात ग्लूटेन नावाचं काही असतं आणि ते काही मुलांना सोसत नाही. पुढे हेही सापडलं, की घरबसल्या शी तपासायचा खोका मागवता येतो.

हे ऐकून डबीवाले जिना चढून वर आले. त्यांच्या गुडघ्यांना जिना मानवत नव्हता, तरी आले.

"सूनबाई, पोरीची डबी खोक्यात घालून पुण्या-मुंबईला? अन् खाली म्या काय कांदे सोलून राह्यलो?"

 ते गेल्यावर वैशाली माझ्याकडे वळली, "आई, घरमालकाला पोरीची शी द्यायची? उद्या गल्लीभर होईल."

मी तिला सांगायला हवं होतं, की ह्या माणसानं आजवर कोणाच्या पोटातलं कोणाला सांगितलेलं नाही. पण मी म्हणाले, "अगदी बरोबर. आपलीही काही इज्जत आहे." निवृत्त मुख्याध्यापिकेची इज्जत, बघा. चार वर्षांच्या पोरीच्या पोटात अडकून बसली होती.

खोका आला. वर एक गोरंपान मूल खदाखदा हसत होतं. शी करताना इतकं हसणारं मूल मी छत्तीस वर्षांत पाहिलं नाही. आत अंथरायचा कागद, झाकणाला चमचा असलेली नळी, नळीत पाणी, दोन पिशव्या, आणि इंग्रजीत बारीक अक्षरात सूचना. ठरल्या दिवशी कुरिअरवाला अकरा वाजता येणार होता. मुलगा कोर्टात, वैशाली शाळेत. कामगिरी माझ्यावर.

रोज पाच वेळा धावणारी मितू त्या दिवशी ढिम्म. सातला बसवली. नाही. आठला केळं दिलं. नाही. नऊला कोमट पाणी, गोष्ट, गाणं, लाच म्हणून रंगीत खडू. साडेनऊला ती मलाच म्हणाली, "आजी, तू जा न. तुला नाही का येत?"

पोर सहज बोलून गेली. माझ्या डोक्यात मात्र दिवा पेटला. आणि सांगायला लाज वाटते, पेटवणारी वात खालच्या मजल्यावरची होती. पेरूच्या बिया! भावंडंच आहेत ना, एकाच घरचं. नात आणि आजी, एकच रक्त, एकाच तव्यावरची पोळी. कुठं बिघडलं?

अकराला खाली हॉर्न वाजला तेव्हा नळी तयार होती. नाव मितूचं, वय चार वर्षं, आतला ऐवज माझा. ज्या बाईनं आयुष्यभर कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, त्या बाईनं नातीच्या जागी डमी बसवला. डोळ्याची पापणीही लवली नाही. उलट जिना चढताना वाटलं, काय हुशार आहोत आपण.

रिपोर्ट मोबाइलवर आला. चौदा पानं. लाल पट्टी, हिरवी पट्टी, आणि लाल पट्टीच्या टोकाला बाण. ग्लूटेन, जास्त. वैशालीला रडू आलं, ते दुःखाचं का सुटकेचं ते तिलाही कळत नव्हतं. आणि मी? मला काहीच कळेना. बाण माझ्या पोटाचा होता. मी तर दगड पचवणारी बाई. मग हा बाण कोणाकडे बघतोय?

वैशालीनं कागद छापून आणला आणि डबीवाल्यांना मुद्दाम दाखवला. त्यांनी भिंग लावून चौदाही पानं वाचली. मग स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा मागितला, परातीत धरून पाण्याखाली चोळत राहिले. पांढरं पाणी वाहून गेलं, हातात रबरासारखा एक चिवट लोळा उरला. "हे ग्लूटेन," ते म्हणाले. "काही लेकरांना हे बिलकुल चालत न्हाई, खरी गोष्ट हाये. त्यांना कण बी इख हाये. पण ते असं न्हाई कळत. त्याला रगत बघतेत." मग कागदाची घडी घातली आणि विचारलं, "डबी कोणी भरली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी. म्हणजे... मितूची. भरली मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर माझी ओळखीची होती. बाकाखाली चिठ्ठी लपवलेल्या पोराकडे मी अशीच बघायचे. हा प्रश्न ते प्रत्येक रिपोर्टला विचारतात, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मात्र वाटलं, ह्यांना वासावरून समजलं.

घरातून गहू गेला. पोळी गेली, शेवया गेल्या, बिस्किटं गेली. ज्वारीची भाकरी, तांदळाची भाकरी. आणि काय सांगू, मितू सुधारली! पंधरा दिवस पाचाचं दोनावर आलं. गालावर जरा रंग आला. वैशाली मला म्हणाली, "बघा आई, तुम्ही त्या दिवशी एवढी खटपट केली म्हणून." मुलानं मला साडी आणली.

आता सांगा, कुठल्या तोंडानं सांगायचं? पोर बरी होतेय. चुकीच्या कागदानं का होईना, होतेय. मी साडी नेसले.

सोळाव्या दिवसापासून पुन्हा पळापळ. वैशालीनं दूध बंद केलं. मग शेंगदाणे. मग अंडं. एकेक जिन्नस घरातून जात होता आणि पोरही त्याच्या मागोमाग चालली होती. तीन महिन्यांत ती इतकी हलकी झाली, की कडेवर घेताना माझा तोल मागे जायचा.

एका सकाळी ती बाहुलीला जेवू घालत होती. "तुला पोळी न्हाई. तुझ्या पोटाच्या कागदात लिहिलंय," असं तिला दटावत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुझ्या पोटाचा कागद कुठंय?"

मी उठले आणि खाली गेले. पायांत चपलाही घातल्या नाहीत.

डबीवाले काचा पुसत होते. मी सगळं सांगितलं. खडू, हॉर्न, नळी, साडी. वाटलं होतं हसतील. हसले असते तर बरं झालं असतं.

"पेरूच्या बियांची गोष्ट म्या ह्याच्यासाठी न्हवती सांगितली, बाई."

"चुकलं दादा."

"त्या माऊलीच्या हातात कोयता व्हता. मुकादम उभा व्हता डोस्क्यावर. तुमच्या डोस्क्यावर कोण व्हतं?"

"कुरिअरवाला," मी म्हटलं. ऐकायला किती बावळट वाटतं ते मला तोंडातून निघाल्यावर कळलं.

त्यांनी काच पुसून ठेवली. मग म्हणाले, "उद्या सकाळी आणा. ताजी. गरम असतानी. जल्दी."

दुसऱ्या दिवशी मी ती डबी पदराखाली घेऊन जिना उतरले. एका हातात डबी, एका हातात मितू, पुराव्याला.

"हिचीच न?"

"हिचीच."

"बराबर हिचीच?"

"दादा, विचारा तिलाच."

"माझीच हाये, डबीआबा," मितू म्हणाली. "आजीनं फक्त धरली."

त्यांनी हिरव्या लुगड्याची खोळ काढली. काच ठेवली, डोळा लावला. मग मला म्हणाले, बघा. मी बघितलं. आधी नुसता गढूळ प्रकाश. मग त्यात काहीतरी डुलत डुलत आलं, झाडाचं पान गळताना येतं तसं. नासपतीसारखा आकार आणि त्यात दोन डोळे. शप्पथ सांगते, ते माझ्याकडे बघत होतं.

"जिआर्डिया," ते म्हणाले. "पाण्यातून येती ही ब्याद. आतड्याला चिकटून बसती, लेकराला काही लागू देत न्हाई. म्हणून पोट असं, वास असा. पण म्या फकस्त बघतो. डॉक्टरकडं न्या. अन् जायच्या अगोदर सूनबाईला सांगा. न्हाई तर डॉक्टर तुमचा तो चौदा पानी कागद पोरीचा धरतील."

मला वाटलं होतं, जिआर्डिया सापडला, आता माझी गोष्ट झाकून जाईल. पण ते दारात उभे राहिले आणि मी वर जाईपर्यंत हलले नाहीत.

वैशाली रविवार म्हणून घरी होती, भाकरी थापत होती. मी सांगितलं.  तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिनं उलटली नाही.

"म्हंजे आई... तो कागद..."

"माझा."

"बाण..."

"माझाच."

"म्हंजे तीन महिने म्या तुमच्या पोटापायी माझ्या लेकराला बिस्किट दिलं न्हाई?"

एरवी शुद्ध बोलणारी सून थेट माहेरच्या बोलीत गेली, ह्यावरूनच राग किती ते समजलं. मुलगा तोंडाला रुमाल लावून गॅलरीत पळाला. तो हसत होता. वैशालीनं ते पाहिलं आणि हातातलं पीठ त्याच्या दिशेनं भिरकावलं. मग पिठाच्याच हातांनी तोंड झाकून रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, "हात नका लावू." आठ दिवस ती माझ्याशी फक्त मितूच्या मार्फत बोलली. "आजीला सांग, चहा झालाय." मितूला वाटलं नवा खेळ आहे.

जालन्याच्या बालरोग डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. चौदा पानं न वाचताच बाजूला ठेवली. असल्या खोक्यावरून गव्हाचं काही ठरत नाही, त्या म्हणाल्या, मग नळीत नातीचं असो नाहीतर आजीचं. गव्हाची शंका असेल तर रक्त तपासायचं, आणि तेही मूल गहू खात असताना. आधीच गहू बंद केला तर रक्त काय बोलणार? मितूची डबी त्यांनी आपल्या लॅबला पाठवली. तिथंही तेच दोन डोळे निघाले. औषध मिळालं. पोळी परत आली. काही आठवड्यांनी रक्तही तपासलं, त्यात गव्हाचं काही निघालं नाही.

"मग पहिले पंधरा दिवस ती बरी कशी झाली?" मी विचारलं.

"हा आजार कमीजास्त होत राहतो. बाहेरचं खाणंही बंद झालं असेल. नक्की नाही सांगता येणार."

म्हणजे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. मला तेवढंच बरं वाटलं. वैशाली मात्र अजूनही आठवड्यातून दोन दिवस कोणाला काही न सांगता भाकरीच करते. का, ते मी विचारत नाही. बोलत असलेल्या सुनेला प्रश्न विचारू नये.

पण 'पाण्यातून येते' हे वाक्य डबीवाल्यांच्या डोक्यातून जाईना. अंबडला नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, म्हणून जमिनीतल्या टाकीत साठवायचं. टाकी त्यांचीच, पिणारे आम्ही आणि ते. जालन्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालून खरवडल्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. बहात्तर वर्षांचा माणूस रिकाम्या टाकीत उतरला होता आणि भिंती घासत होता. झाकणाला एका कोपऱ्यात भेग होती आणि तिच्यालगत मोरीचं पाणी झिरपून ओल धरली होती.

"दादा, वर या. माणूस लावू."

"लोकाच्या पोटात तीस वर्षं बघून राह्यलो, बाई," आतून आवाज आला. टाकीत घुमून तो दुप्पट झाला होता. "सोताच्या टाकीत न्हाई बघितलं."

मितू तिथूनच आजारी पडली का, कोणालाच माहीत नाही. ती अंगणवाडीतही पाणी प्यायची, एसटी स्टँडवरही. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. नवं झाकण बसवलं, आम्हाला पाणी उकळून प्यायला लावलं, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला "झालं का?" असं विचारलं नाही. गल्लीला चुकल्यासारखं झालं.

मग एका सकाळी मितू जिन्यात बसून भोकाड पसरून रडायला लागली. आम्ही सगळे धावलो. "चप्पल चावती," ती म्हणाली. लाल चप्पल. टाच मागे अर्धं बोट बाहेर आलेली.

डबीवाले खाली बसले, गुडघे कटकन वाजले, पण बसले. तिची टाच हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले, भिंग न लावता. मग वर बघून म्हणाले, "मंग? आज झालं का?"

"झालं! एकदाच!" मितू रडता रडता म्हणाली.

तीन वर्षांनी गुडघे अगदीच थकले तेव्हा त्यांना मुलीनं परभणीला नेलं. निघताना त्यांनी मला एक डबी दिली. लाल झाकणाची, उकळलेली. ह्या वेळी पट्टी कोरी नव्हती. लॅबच्या त्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'बाई. स्वतःचीच.'

"दादा, ही थट्टा का?"

"कागदातला बाण तुमच्या पोटाचा व्हता, त्याचं कोणी बघितलंच न्हाई न," ते म्हणाले, आणि गाडीत बसले. हे उत्तर होतं का नव्हतं, ते मला कळलं नाही. गेल्या वर्षी ते गेल्याचं समजलं. विचारायचं राहून गेलं.

डबी मी ओट्यावर ठेवली आहे, ओव्याच्या बरणीशेजारी. आत काही भरलं नाही. मितू आता अकरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागते. गेले दोन महिने माझं पोट काही बरं नाही. गव्हाचं आहे, वयाचं आहे, का पंगतीतल्या पुऱ्यांचं, काही पत्ता नाही. मी कोणाला बोलले नव्हते, पण मितूच्या नजरेतून सुटत नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना आपणच फोन केला. त्या म्हणाल्या, मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना सकाळची डबी घेऊन जा.

आज सकाळी सातपासून मी आत बसले आहे. रोज वेळेवर होणारं माणूस, आज ढिम्म. हातात ती डबी. आठ वाजले, दाराबाहेर पावलं थांबली.

"आजी, झालं का?"

अगदी त्याच सुरात. कडी लावलेल्या दाराआड मला हसू आलं आणि डोळेही भरले. आधी काय आलं ते सांगता येणार नाही.

"होतंय गं. घाई करू नकोस."

"मला न्हाई घाई. मी इथंच उभी आहे," मितू म्हणाली. "आणि आजी, तुझीच आण हं."